जिथे आहात तिथेच थांबा

चादरीची घडी एकट्या माणसाला घालता येत नाही. घरातली घालता येते, कशीबशी, एक कड हनुवटीखाली धरून. पण हॉटेलातली, दोन माणसांच्या पलंगाची, इस्त्रीच्या रोलरमधून नुकतीच बाहेर पडलेली आणि हाताला चटके देणारी चादर घडी करायला दोघी लागतात. एकीनं जागेवर उभं राहायचं, दुसरीनं चालत तिच्यापर्यंत जायचं, टोकाला टोक द्यायचं आणि वाकून खालची घडी उचलून पुन्हा मागे यायचं. दोघी चालल्या तर मधेच गोंधळ होतो. दोघी उभ्या राहिल्या तर चादर नुसती ताणलेली राहते. काम एवढंच, पण नव्या मुलींना ते शिकायला आठवडा लागतो, कारण प्रत्येकीला वाटतं समोरचीच येईल.

आपल्या या बाईला ते काम चौदा वर्षं येत होतं. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लॉन्ड्री होती, तिथे ती कामाला होती आणि तिथे सगळे तिला घडीवालीच म्हणायचे. तिच्या हाताखालून गेलेली चादर सुपरवायझर उलगडून बघत नसे. हाताला इतकी सवय लागली होती की घरीही घडी न घालता तिला काही ठेवता येत नसे. जुने पेपर, रिकाम्या पिशव्या, लेकीच्या वहीतले चुकलेले कागदसुद्धा ती चौकोनी घडी करून मगच टाकायची. दिवसाच्याही अशाच घड्या घालता येतात, अशी तिची एक गोड समजूत होती. त्या समजुतीचं काय झालं, तीच ही गोष्ट आहे.

घरात माणसं तीन. ती, नऊ वर्षांची लेक आणि तिचे वडील आप्पा. लेक जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीएवढी होती म्हणून तिचं नाव ठकी पडलं, ते पडलंच. नवरा होता, पण तो आता दुसऱ्या गावात दुसऱ्या घरी होता. त्याच्याबद्दल कोणी बोलत नसे, कारण बोलण्यासारखं त्यानं काही मागे ठेवलंच नव्हतं.

आप्पा एकतीस वर्षं एका कचेरीत लिफ्टमन होते. सात मजले, एक लिफ्ट आणि लिफ्टमध्ये एक लाकडी स्टूल. साहेब आले, साहेब गेले, आप्पांनी स्टूल सोडलं नाही. एकदा वीज गेली आणि लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मधे अडकली. आत एकटे आप्पा. दुरुस्तीवाला वरून हात देऊन म्हणाला, या बाहेर. आप्पा म्हणाले, "ड्यूटी सुटायला अजून पंचवीस मिनिटं आहेत." आणि पंचवीस मिनिटं ते अंधारात स्टुलावर बसून राहिले. ही गोष्ट त्यांनी घरात इतक्या वेळा सांगितली होती की ठकीला ती पाढ्यासारखी पाठ होती. ते 'पंचवीस' म्हणायच्या आधी तीच म्हणायची.

दीडेक वर्षापासून मात्र आप्पांचं काहीतरी निसटायला लागलं होतं. पूर्ण नाही. अंघोळ, जेवण, बसचा नंबर, सगळं ठीक. पण मधेच ते सहा वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोसाठी जेवायचे थांबायचे. आणि थंडीत एकदा ब्रेड आणायला म्हणून निघाले ते थेट जुन्या कचेरीत पोचले. तिथे आता बटणांची नवी लिफ्ट होती, लिफ्टमन नव्हता. आप्पा लिफ्टच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कितवा मजला?" असं विचारत होते आणि गंमत म्हणजे लोक सांगतही होते. तीन तासांनी पहारेकऱ्यानं त्यांच्या खिशातली चिठ्ठी वाचली आणि फोन केला.

दुसऱ्या दिवशी दादा आला. दादा म्हणजे घडीवालीचा थोरला भाऊ, पाच तासांवरच्या गावात राहायचा. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे उगाच त्याच्यावर राग निघेल.

"तू दिवसभर कामावर," दादा म्हणाला. "पोरगी लहान. हे घरात एकटे. माझ्याकडे निदान तुझी वहिनी असते घरात."

"मी बघते ना, दादा. परत नाही होणार असं."

"बघ मग. पण हे शेवटचं. पुन्हा काही झालं तर मी विचारायला नाही येणार, न्यायला येईन."

ती हो म्हणाली. आता कोणी विचारेल, आप्पा गेले असते तर तिचंच ओझं हलकं झालं असतं, मग एवढा हट्ट कशाला? तर नवरा गेला त्या संध्याकाळी आप्पा एक ट्रंक घेऊन आले होते. काय झालं, कसं झालं, एक शब्द विचारला नाही. बाहेरच्या खोलीत ट्रंक ठेवली आणि म्हणाले, "मी इथे झोपत जाईन." तेव्हापासून कामावरून आल्यावर तिला कुलूप उघडावं लागलं नव्हतं. दार उघडायला आत माणूस असायचं. आप्पांना दादाकडे पाठवलं की ते जगतील, जेवतील, पण त्यांना कुठली खोली आपली आणि कुठली लोकांची हे परत शिकावं लागेल, आणि आता त्यांना शिकता येणार नाही, हे तिला आतून कळत होतं.

शाळा चालू होती तोवर निभावलं. सकाळी आप्पा खालच्या शिंप्याच्या दुकानात बसायचे, दुपारी ठकी शाळेतून यायची आणि दोघं मिळून आईची वाट बघायचे. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. शिंपी दुकानाला कुलूप लावून दोन महिने मुलीकडे गेला. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, सकाळी दहाला भिंतीला हात लावला तर उचलावा लागे. मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरांच्या जाहिराती दारात येऊन पडत, पण त्या वाचण्यातसुद्धा अर्थ नव्हता. हातावर पोट असलेल्या घरात सुट्टी ही चैन असते, आणि ती नेमकी दर वर्षी येते.

अशात तिला बसमध्ये सीटवर पडलेलं एक पत्रक सापडलं. महापालिकेचं. 'उन्हाळ्यात आपले शहर : मुलांसाठी व ज्येष्ठांसाठी, विनामूल्य आणि नाममात्र दरात.' तिनं तिथल्या तिथे त्याची चौकोनी घडी केली आणि रविवारी पट्टी-पेन्सिल घेऊन बसली. शहरात काय काय फुकट होतं! ग्रंथालयात सकाळी गोष्टींचा तास. संग्रहालयात बारा वर्षांखालच्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना प्रवेश मोफत, आणि आत गारेगार. बागेत गुरुवारी कळसूत्री बाहुल्या. अग्निशमन केंद्रात बुधवारी बंब बघायला मिळायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी पोहण्याचा तलाव मुलींसाठी खुला. बसही लहानांना आणि म्हाताऱ्यांना फुकट. तिनं सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच, असं वेळापत्रक आखलं. कुठून कुठली बस, डबा कुठल्या पायऱ्यांवर बसून खायचा, पाणी कुठे भरायचं, सगळं. लॉन्ड्रीतल्या जोडीदारणीला तिनं ते दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मंत्र्याचा दौरा तरी एवढा बांधलेला असतो का?"

आणि मग तिनं तिच्या मते फार हुशारीची गोष्ट केली. आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "आप्पा, ठकी लहान आहे. तुमच्या भरवशावर पाठवतेय. तिला क्षणभर नजरेआड करू नका." आप्पांची छाती दोन इंच वर आली. मग ठकीला मोरीपाशी गाठून सांगितलं, "आप्पांकडे लक्ष ठेव. डोळ्यांत तेल घालून. पण त्यांना कळू देऊ नकोस, वाईट वाटतं त्यांना." ठकीनं गंभीरपणे मान हलवली. एकाला दिवसभर सांभाळायला माणूस नव्हतं आणि दुसरीलाही नव्हतं. दोघांना एकत्र केलं तर जेमतेम एक शहाणं माणूस तयार होत होतं.

शेवटी तिनं दोघांना समोरासमोर बसवलं आणि एक नियम दिला. "चुकामूक झाली तर घाबरायचं नाही. जिथे आहात तिथेच थांबायचं. अजिबात हलायचं नाही. शोधत आपलं माणूस येतंच." दोघांकडून तो तीन तीनदा म्हणून घेतला. आप्पांच्या गळ्यात फोनची पिशवी अडकवली. लॉन्ड्रीत फोन जवळ ठेवायला बंदी होती, लॉकरमध्ये टाकून जावं लागे, म्हणून ती दुपारी एकला आणि चारला, दोन्ही सुट्यांत फोन करायची.

पहिले तीन आठवडे असे गेले की विचारू नका. संग्रहालयाच्या लिफ्टमध्ये आप्पा बटणांपाशी उभे राहिले आणि एका शिबिराच्या सहलीला त्यांनी तीन खेपा करून वर नेलं. तिथल्या पहारेकरणीनं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग खुर्ची आणून दिली. ग्रंथालयात गोष्ट सांगणाऱ्या बाईंना आप्पांनी मधेच थांबवून अडकलेल्या लिफ्टची गोष्ट सांगितली आणि ठकीनं योग्य जागी 'पंचवीस' म्हटलं. अग्निशमन केंद्रात दोघांनाही लोखंडी टोपी घालायला मिळाली. संध्याकाळी घडीवाली घरी येऊन दार वाजवायची तेव्हा आत दोघांची दार उघडायला चढाओढ चाललेली असायची.

"त्रास दिला का गं आप्पांना?" ती मुद्दाम मोठ्यानं विचारायची.

"नाही," ठकी म्हणायची, आणि मग ओट्याशी येऊन हळूच, "आज एकदाच चुकीच्या बसमध्ये चढत होते. मी म्हटलं मला खिडकीची जागा त्या दुसऱ्या बसमध्ये मिळेल."

थोड्या वेळानं आप्पाही ओट्याशी यायचे. "पोरगी गुणी आहे. पण रस्ता ओलांडताना लक्ष नसतं तिचं. हात धरावा लागतो."

घडीवालीला हसू यायचं. वेळापत्रकावर ती रोज एक रेघ मारायची. पाच आठवडे उरले, मग दादासमोर ताठ मानेनं उभं राहता येईल, असं तिला वाटायला लागलं होतं.

चौथ्या आठवड्यातला मंगळवार. मंगळवारी तलाव. ठकी अकराला आत जायची, साडेबाराला पुढच्या फाटकातून बाहेर यायची. फाटकाशेजारी झाडाखाली एक बाक होता, तिथे आप्पा बसून राहायचे. सव्वाएकपर्यंत दोघं बसनं ग्रंथालयात पोचायची. तीन आठवडे यात काडीचाही बदल झाला नव्हता.

त्या दिवशी बाराच्या सुमाराला पाण्याचा टँकर आला आणि पुढच्या फाटकात आडवा लागला. जाड पाइप फाटकातून आत टाकला होता, सगळीकडे चिखल. तेव्हा तलावावरच्या बाईंनी मुलींना मागच्या फाटकातून सोडलं. मागे एक अरुंद गल्ली होती, दोन्हीकडे उंच भिंती आणि उभ्या करून ठेवलेल्या हातगाड्या. मुली पांगल्या, फाटकाला आतून कडी लागली. ठकीनं इकडेतिकडे पाहिलं. आप्पा नव्हते. म्हणजे चुकामूक झाली होती. चुकामूक झाली तर काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

पुढच्या फाटकापाशी टँकर गेला, चिखल वाळला. पहारेकरी आप्पांना म्हणाला, "आजोबा, मुली गेल्या की सगळ्या." आप्पा म्हणाले, "माझी आत आहे." एकला दुसरी तुकडी यायची होती, तिच्यातली कोणी आधीच आत गेली असेल असं पहारेकऱ्याला वाटलं आणि तो आपल्या कामाला लागला.

एक वाजता घडीवालीनं फोन केला.

"आप्पा, कुठे आहात?"

"बाकावर."

"ठकी?"

"पोहतेय. सगळं ठीक आहे. तू जेव."

आता इथे थांबायला हवं, कारण नंतर ती स्वतः मनातल्या मनात या ठिकाणी रोज थांबायची. साडेबाराला पोहणं संपतं, हे तिला माहीत होतं. वेळापत्रक तिनंच आखलं होतं. फोन बंद केल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकलीही. पण आज तलाव उशिरा सोडला असेल, मुली ऐकत नसतील, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत काढली. डबा उघडा होता, भूक लागली होती, घंटा व्हायला दहा मिनिटं होती. ती जेवली.

चारला तिनं फोन केला तेव्हा तो वाजत राहिला. परत केला. परत वाजत राहिला. वर हॉटेलात कसलीशी परिषद होती, चादरींचा ढीग छताला लागला होता. सुपरवायझर म्हणाला, "अर्धा तास दे. रोलर तापलेला आहे, बदली बाई येतेय." ती अर्धा तास उभी राहिली. रोलर चालू असला की चादर सोडता येत नाही. सोडली तर ती आत गोळा होते आणि जळते. जोडीदारीण समोरून चालत येत होती, टोकाला टोक देत होती, आणि घडीवालीच्या हातातून त्या दिवशी एकही घडी सरळ पडली नाही.

बसला चाळीस मिनिटं लागली. तलावाच्या फाटकापाशी चार माणसं जमली होती. बाकावरची सावली केव्हाच सरकून गेली होती. पाच पावलांवर झाडाची दाट सावली होती आणि आप्पा उन्हात बाकाची कड धरून बसले होते. चेहरा लाल, ओठ पांढरे. पहारेकरी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत होता.

"तुम्ही यांच्या घरच्या का?" तो वैतागून म्हणाला. "कधीचा सांगतोय, सावलीत या. उचलायला गेलो तर लाथा मारतायत. जागा सोडायची नाही म्हणतात."

"आप्पा, ठकी कुठे?"

आप्पांनी डोळे उघडले. "आत. पोहतेय."

"आत कोणी नाही, ताई," पहारेकरी म्हणाला. "अकराच्या तुकडीतल्या मुली मागच्या फाटकानं सोडल्या आज."

ती धावली. तलावाची भिंत लांब होती, दोन वळणांची. धावताना तिच्या डोळ्यांपुढे काही भलतंसलतं आलं नाही. एकच गोष्ट आली. चौदा वर्षं नव्या मुलींना ती शिकवत आली होती, एकीनं उभं राहायचं आणि दुसरीनं चालायचं. आणि घरी तिनं दोघांनाही उभं राहायला सांगितलं होतं. शोधत कोणी यायचं, हे तिनं सांगितलंच नव्हतं. तिच्या हुशारीत तेवढंच राहून गेलं होतं.

ठकी भिंतीला टेकून उभी होती. डोक्यावर वाळून कडक झालेला टॉवेल, हातात रिकामी बाटली. फ्रॉक ओला होता, आणि तो पाण्यानं ओला नव्हता. पावणेपाच तास ती त्या जागेवरून हलली नव्हती. वरच्या एका खिडकीतून कोण्या बाईनं दोनदा विचारलं होतं, तर तिनं "आप्पा येतायत" असं सांगितलं होतं.

आईला पाहून ती रडली नाही. म्हणाली, "मी हलले नाही."

"हो गं बाई."

"गेले असते मी पुढे. पण मी पुढे गेले आणि ते मागे आले तर? मग ते हरवले असते."

घडीवालीनं तिला उचललं. नऊ वर्षांची पोर, उचलायचं वय गेलेलं, तरी तशीच कडेवर घेऊन ती भिंतीला वळसा घालून पुन्हा पुढे आली. ठकी दिसली तेव्हा आप्पांनी बाकाची कड सोडली आणि त्यांना उचलून रिक्षात घालता आलं.

सार्वजनिक रुग्णालयात दोन दिवस सलाईन लावलं होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "एवढा वेळ उन्हात? घरी कोणी नव्हतं?" तिनं आप्पांच्या पांघरुणाची कड सरळ केली. होते दोघं, एकमेकांना.

दादा आला. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं, तिलाही चार शब्द ऐकवता आले असते. पण तो खाटेशेजारी बसून आप्पांचे पाय चेपता चेपता म्हणाला, "कपडे भरून ठेव."

"दादा, चार आठवडे राहिलेत फक्त. मग शाळा सुरू होते. शिंपीही येईल."

"आणि पुढच्या उन्हाळ्यात?"

तिच्याकडे पत्रक होतं, वेळापत्रक होतं, बसचे नंबर होते. ते सगळं याच उन्हाळ्याचं होतं.

तिनं आप्पांचे सगळे शर्ट काढले, पुन्हा इस्त्री केली, पुन्हा घड्या घातल्या. त्याच ट्रंकेत भरले. निघताना आप्पा गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी खिडकीतून ठकीच्या डोक्यावर हात ठेवला. आपण दोन दिवसांसाठी चाललोय अशी त्यांची समजूत होती, आणि ती कोणी मोडली नाही.

राहिली ठकी. तिला आता कोणाबरोबर पाठवायचं? घरात कोंडायचं तर भट्टी. दोन दिवस खाडे झाल्यावर घडीवाली हात जोडूनच सुपरवायझरपुढे उभी राहिली. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "टॉवेलच्या खोलीत बसू दे की. तिथे पंखा आहे. मशिनीपाशी मात्र यायचं नाही." मग जाता जाता म्हणाला, "म्हाताऱ्यालाही बसवला असता एका स्टुलावर. आधी विचारायचंस ना."

आधी विचारायचं होतं. चौदा वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काम केलं, त्याला एक प्रश्न विचारायचा होता. शहरात काय काय फुकट मिळतं याचं पान पान तिनं पालथं घातलं, पण आपल्याच कामाच्या ठिकाणी कोणापुढे तोंड उघडावं हे तिला सुचलं नव्हतं. तो गेल्यावर तिनं टॉवेलांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसलं आणि रडून घेतलं.

आठवडाभरानं दुपारी एकला ती लॉकरपाशी आली तर फोन वाजत होता. दादा.

"तू काय सांगून ठेवलंयस त्यांना?" तो दमलेला वाटत होता. "रोज अकराला खाली उतरतात आणि आमच्या इमारतीच्या फाटकाशी उभे राहतात. वर चला म्हटलं तर येत नाहीत. छत्री धरून तुझी वहिनी उभी असते बिचारी. म्हणतात पोरगी आत आहे."

"दे त्यांच्याकडे."

फोनमध्ये थोडी खुडबुड झाली. मग आप्पांचा श्वास ऐकू आला.

"आप्पा, ठकी सापडली. माझ्याजवळ आहे. तुम्ही वर जा, जेवून घ्या."

"बरं झालं, बाई," आप्पा अगदी अदबीनं म्हणाले, अनोळखी बाईशी बोलावं तसं. "पण तिच्या आईनं मला सांगितलंय. ती येईपर्यंत मला हलता येणार नाही."

"आप्पा, मीच..." ती म्हणाली. तोवर टॉवेलच्या खोलीतून ठकी धावत आली होती. तिनं आईच्या हातून फोन घेतला.

"आप्पा, मी ठकी. मी बाहेर आले."

"आलीस? कुठे आहेस तू?"

"इथे. आईच्या लॉन्ड्रीत."

"मग तिथेच थांब. हलू नकोस हं. मी येतो न्यायला."

आणि मग लांबून दादाचा आवाज आला, आप्पा, अहो आप्पा, कुठे निघालात, आणि वहिनीच्या चपलांचा आवाज, आणि रस्त्यावरचे हॉर्न. फोन कोणाच्या हातात होता कोण जाणे. घडीवाली 'दादा, दादा' म्हणत राहिली. पाच तासांवरच्या रस्त्यावर तिचे वडील चालायला लागले होते आणि तिला इथून एक बोट उचलता येत नव्हतं. काही मिनिटांनी दादा धापा टाकत म्हणाला, "धरलं. कोपऱ्यावर होते. ठेवतो." आणि फोन बंद झाला.

घंटा झाली. जोडीदारणीनं हाक मारली. घडीवाली रोलरपाशी जाऊन उभी राहिली, चादरीची टोकं हातात घेतली आणि मग तिचं लक्ष गेलं. ठकी टॉवेलच्या खोलीत परत गेली नव्हती. लॉन्ड्रीच्या दारात, जिथून चढावाच्या टोकाला वरचा रस्ता दिसतो तिथे, ती भिंतीला टेकून उभी होती.

"ठकी, आत बस जा. मामानं धरलं त्यांना. ते येणार नाहीत आता."

"येतो म्हणालेत," ठकी म्हणाली.

घडीवालीनं चादरीची टोकं घट्ट धरली. नियम तिचाच होता. समोरून जोडीदारीण चादर घेऊन चालत आली, तिनं टोकाला टोक दिलं आणि ती परत मागे गेली. ड्यूटी सुटेपर्यंत ठकी दारातून हलली नाही.